दोन मीटरचा कॅमेरा: पुण्याच्या पेठांतून भटकताना रिको जीआर थ्री

निकाल आधी सांगून टाकू. भाजी आणायला म्हणून निघून तीन गल्ल्या जास्तीच्या फिरून येणाऱ्या माणसासाठी रिको जीआर थ्रीइतका सोयीचा कॅमेरा दुसरा नाही. आणि आपल्याकडच्या धुळीपुढे इतका हळवा कॅमेराही शोधून सापडायचा नाही. दोन्ही गोष्टींचं कारण एकच, आत-बाहेर सरकणारी त्याची लेन्स.

हा कॅमेरा २०१९ मध्ये आला. बॅटरी आणि कार्ड धरून वजन २५७ ग्रॅम, म्हणजे दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीच्या निम्मं. लांबी ११ सेंटिमीटरच्या आत, जाडी ३३ मिमी. एवढ्याशा डबीत २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर बसवलाय, गळ्यात अडकवायच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये असतो त्याच मापाचा. लेन्स १८.३ मिमी, एफ/२.८ (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो जितका लहान तितकं छिद्र मोठं), फिल्मच्या हिशेबात २८ मिमी, म्हणजे रुंद कोनाची. झूम नाही, लेन्स बदलायची सोय नाही, डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅशही नाही. या घराण्याचा पहिला फिल्म कॅमेरा जीआर वन १९९६ चा, त्याचीही लेन्स २८ मिमी एफ/२.८ च होती. तेव्हापासून मूळ कल्पनेत फारसा बदल झालेला नाही: खिशातून काढा, फोटो काढा, परत ठेवा.

बटण दाबल्यापासून कॅमेरा तयार व्हायला सेकंदापेक्षा कमी वेळ लागतो. पण वेगाची खरी गंमत तिथे नाही, ती स्नॅप फोकसमध्ये आहे. ऑटोफोकस कितीही चपळ असला तरी तो आधी शोधतो, मग टिपतो. दरम्यान सायकलवरून पाव नेणारा निघून गेलेला असतो. स्नॅपमध्ये अंतर आधीच ठरवून ठेवायचं: १, १.५, २, २.५ मीटर वगैरे. मेन्यूत ‘फुल प्रेस स्नॅप’ चालू केलं की शटर एका दमात पूर्ण दाबल्यावर कॅमेरा काही न शोधता त्या अंतरावर फोटो घेतो. अर्धवट दाबून थांबलात तर नेहमीचा ऑटोफोकस चालतो. नव्या वापरणाऱ्याची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. बोटाला अर्धं दाबायची जुनी सवय असते, कॅमेरा शोधत बसतो, आणि दोष स्नॅपच्या माथी जातो. आठवडाभर बोटाला वळण लावावं लागतं.

अंतर ठरवलं तरी आजूबाजूचं किती स्पष्ट येईल, हे छिद्रावर अवलंबून. हिशेब तोंडपाठ असलेला बरा. एफ/८ ला २ मीटर लावलं तर साधारण १ मीटरपासून ३५-४० मीटरपर्यंत सगळं चालण्यासारखं स्पष्ट येतं, २.५ मीटर लावलं तर सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत. एफ/५.६ ला २ मीटर म्हणजे १.२ ते ६ मीटर. एफ/२.८ ला मात्र तेच २ मीटर फक्त दीड ते ३ मीटरवर आकसतं, आणि अंदाज हातभर चुकला तर फोटो गेला. म्हणून उन्हात एफ/८, दुकानांच्या सावलीत एफ/५.६, आणि घरात शिरलात की स्नॅप सोडून ऑटोफोकस, हा साधा शिरस्ता.

दोन मीटर डोळ्यांनी ओळखायचं कसं? घराचा सात फुटी दरवाजा जमिनीवर आडवा पडलाय अशी कल्पना करा, ते २.१ मीटर. दोन फुटी फरशी असेल तर सव्वातीन फरश्या. चार दिवस टेपने मोजून खात्री केली की पाचव्या दिवशी पाय आपोआप तिथे थांबतात. या अंतराचं आणखी एक महत्त्व आहे. २ मीटरवरून कॅमेरा उभा धरला तर चौकटीत २.५ मीटर उंच आणि १.७ मीटर रुंद एवढा तुकडा मावतो, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत माणूस आणि त्याच्या बाजूचं थोडं जग. आडवा धरून साडेतीन मीटरवर उभं राहिलं तर साडेचार मीटर रुंद भाग येतो, पेठेतलं एक अख्खं दुकान फलकासकट. १ मीटरवर कंबरेपासून वरचा माणूस. झूम नसल्यामुळे ही मापं कधी बदलत नाहीत. थोड्या दिवसांत कॅमेरा न काढताच कळायला लागतं की या दारातून काय मावेल. मग डोळा मोकळा होतो, आणि रोजच्या वाटेवरची गोष्ट पहिल्यांदा दिसते: जिन्याच्या लाकडी कठड्यावर पडलेली गजांची सावली, बंद वाड्याच्या कडीत अडकवलेलं कुणाचं तरी दूध.

मोड डायलवर यू-वन, यू-टू, यू-थ्री असे तीन कप्पे आहेत. पेठांत फिरायचं तर ते असे भरून ठेवावेत. यू-वन रस्त्यासाठी: एव्ही मोड (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), एफ/८, स्नॅप २ मीटर, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) ऑटो, वरची मर्यादा ३२००, किमान शटर १/२५०. उघड्या उन्हात आयएसओ २०० ला शटर १/८०० च्या आसपास बसतं, बाजीराव रस्त्यावर काळजी नाही. गल्लीतली सावली तीन-चार स्टॉपने खाली असते, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. तिथे १/२५० टिकवायला आयएसओ ५०० ते १००० पर्यंत जातो, आणि या सेन्सरला ते जड नाही. यू-टू आतल्या जागांसाठी: एफ/२.८, ऑटोफोकस, आयएसओ ६४०० पर्यंत, किमान शटर १/१२५, मीटरिंग (उजेड मोजायची पद्धत) ‘हायलाइट वेटेड’. यू-थ्री गर्दीसाठी: एफ/५.६ आणि स्नॅप दीड मीटर, म्हणजे १ ते ३ मीटरचा पट्टा. तुळशीबागेत यापेक्षा लांब काही दिसतच नाही. आवाज शून्यावर आणि ऑटोफोकसला मदत करणारा दिवा बंद, ही दोन कामं कॅमेरा घरी आणल्या आणल्या करायची. लेन्समध्येच बसवलेलं लीफ शटर असल्यामुळे मग जे ऐकू येतं ते हातातल्या घड्याळाच्या टिकटिकीतही लपून जाईल इतकंच.

कॅमेरा खरोखर पारखायचा असेल तर कसबा पेठेतली तांबट आळी. बाहेर ऊन, आत काळोख, मधे दारातून आलेल्या उजेडाचा एक पट्टा, आणि त्या पट्ट्यात चकाकणारं तांबं. साधं मीटरिंग काळोख पाहून फोटो उजळ करतं आणि तांब्यावरची चमक पांढरीफट्ट जळून जाते. ‘हायलाइट वेटेड’ चमक वाचवतं. पडद्यावर फोटो अंधारा दिसतो, पण डीएनजी, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमधल्या सावल्या नंतर दोन स्टॉप सहज उचलता येतात. जेपेगच वापरणाऱ्यांनी एक्स्पोजरची भरपाई (फोटो मुद्दाम गडद-उजळ करायची सोय) उणे ०.७ वर ठेवावी. मठारकामाच्या, म्हणजे हातोडीने ठोके देऊन घडवलेल्या भांड्यावरचा एकेक ठोका म्हणजे एक छोटा आरसा. त्यात दार, रस्ता, आकाश आणि तुमचा पांढरा शर्टसुद्धा उमटतो. म्हणून गडद कपडे घाला, आणि भांड्याच्या समोरून नाही, उजेडाला आडवं राहून बघा. वीतभर सरकलं की सगळे ठोके एकदम पेटतात किंवा एकदम विझतात. हातोडा थांबलेला हवा तर १/५००, हलता हवा तर १/३०. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. कंपनी चार स्टॉपचं स्टॅबिलायझेशन सांगते आणि ते खरंही आहे, पाव सेकंदाला भिंत हलत नाही. पण ते तुमच्या हाताची थरथर आवरतं, कारागिराचा हात नाही. आणि कुणाच्या कामाच्या जागी दोन मीटरवर उभं राहायचं तर आधी ‘काका, एक काढू का?’ विचारायचं. कॅमेरा छोटा असल्याने समोरचा बुजत नाही, ‘काढा की’ म्हणून पुन्हा कामाला लागतो. ही सोय कुठल्याही तक्त्यात लिहिलेली नसते.

मंडई वेगळी परीक्षा घेते. महात्मा फुले मंडईची १८८६ ची मुख्य इमारत उंच छपराची, तिथे उजेड वरून मऊ येतो आणि रंग खरे उतरतात. बाहेरच्या गाळ्यांवर मात्र निळी-पिवळी ताडपत्री. तिच्याखाली वांगी काळी आणि माणसं आजारी दिसतात. ऑटो व्हाइट बॅलन्स यातलं अर्धंच सावरतं, कारण चौकटीच्या एका कोपऱ्यात ऊन आणि दुसऱ्यात ताडपत्री असते आणि दोघांना एक उत्तर नसतं. अशा वेळी इमेज कंट्रोलमधला ‘हाय कॉन्ट्रास्ट ब्लॅक अँड व्हाइट’ लावून रंगाचा प्रश्नच मिटवावा. मेथीच्या जुड्या आणि तराजूची पारडी त्यात झकास येतात. बाकीच्यांत ‘पॉझिटिव्ह फिल्म’ कामाचा. ‘रेट्रो’ आणि ‘क्रॉस प्रोसेस’ चार फोटोंत कंटाळा आणतात. डीएनजी घेतलेली असेल तर ही सगळी रूपं नंतर कॅमेऱ्यातच बदलून बघता येतात, संगणक लागत नाही.

सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ २८ मिमीसाठीच बांधल्यासारखं आहे. समोर मागे सरायला जागा कमी आणि दर्शनी दगडी भिंत शिल्पांनी खच्चून भरलेली. साखळदंडाने बांधलेला गेंडा पाहायला लोक तिथे मुद्दाम जातात. काळ्या दगडावर सपाट उजेड असेल तर तो गेंडा दिसूनही दिसत नाही. उजेड तिरपा हवा. कॅमेरा वर कलवला की भिंत मागे कोसळल्यासारखी दिसते, म्हणून तो सरळ धरा आणि खालचा जास्तीचा भाग नंतर कापा. २४ मेगापिक्सेल त्यासाठीच आहेत. कॅमेऱ्यात ३५ आणि ५० मिमीचे क्रॉपही दिलेत. ३५ ला सुमारे १५ मेगापिक्सेल उरतात, ५० ला जेमतेम ७. पहिला वापरा, दुसरा विसरा.

मॅक्रो हे या कॅमेऱ्याचं झाकलेलं माणिक. ६ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं. पोपडे उडालेल्या भिंतीत चुन्याचे, निळीचे, पिवडीचे एकावर एक थर. पितळी कडीला हाताने आलेली झिलई. वडाच्या पारंबीवरचं शेवाळ. अर्ध्या किलोमीटरची वाट अशी बघायला लागलं तर दोन तास पुरत नाहीत. खोडी दोन आहेत. इतक्या जवळ गेलं की कॅमेऱ्याचीच सावली वस्तूवर पडते, त्यामुळे उजेड बाजूने घ्या आणि छिद्र एफ/८ ठेवा. दुसरी खोड जास्त महागात पडते. मॅक्रो ६ ते १२ सेंटिमीटरच बघतो. तो बंद करायचा राहिला आणि पुढचा फोटो रस्त्याचा ऑटोफोकसने काढला तर सगळं धूसर. पडद्यावरचं फुलाचं चिन्ह बघायची सवय लावा.

आता दुखणं.

कॅमेरा चालू केला की लेन्स बाहेर येते, बंद केला की आत जाते. प्रत्येक वेळी नळीबरोबर हवाही आत-बाहेर होते, भट्टीच्या भात्यासारखी. बाहेरच्या हवेत जे काही आहे ते त्या भात्यातून आत जातं आणि सेन्सरवर बसतं. मोकळ्या लेन्सच्या कॅमेऱ्यात लेन्स काढून सेन्सर पुसता येतो. इथे लेन्स पक्की, त्यामुळे कॅमेरा उघडायलाच लागतो आणि ते काम सर्व्हिस सेंटरचं. आत धूळ झटकणारी यंत्रणा आहे, मेन्यूतून ती चालवावीही, पण चिकटलेल्या कणाला ती हलवत नाही. वर विनोद असा की डाग सगळ्यात ठळक दिसतात ते छिद्र लहान असताना, म्हणजे स्नॅप ज्या एफ/८ वर खुलतो नेमकं तिथेच. एफ/२.८ वर तोच डाग विरघळून दिसेनासा होतो.

उपाय पूर्ण नाहीत, पण आहेत. जीन्सच्या खिशात नागडा कॅमेरा कधी ठेवू नका. खिशाच्या शिवणीत साठलेली सुती भुकटी रस्त्याच्या धुळीपेक्षा वाईट. चेन असलेलं छोटं पाऊच घ्या आणि ते आठवड्यातून एकदा उलटं करून झटका. बंद करण्याआधी नळीच्या कडेवर रबरी ब्लोअर मारा, कारण कडेवरची धूळच आत ओढली जाते. तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते. दर फोटोला चालू-बंद करण्याऐवजी गल्ली संपेपर्यंत चालूच ठेवा. आपोआप बंद होण्याची वेळ मेन्यूत वाढवता येते. रस्ता खोदलेला असेल, खडीचा ट्रक रिकामा होत असेल, गुलाल उधळला जात असेल, तिथे हा कॅमेरा बाहेर काढूच नये. गणपतीच्या मिरवणुकीला फोन बरा. जीए-वन ॲडाप्टर लावून पुढे ४९ मिमीची काच बसवली तर लेन्स त्या नळीतच हलते आणि धुळीला बराच आडोसा होतो, पण मग कॅमेरा खिशात मावत नाही. ज्यासाठी घेतला तेच गेलं.

कॅमेरा चालू ठेवायचा म्हटलं की बॅटरी आडवी येते. डीबी-११० एका चार्जमध्ये प्रमाणित मोजणीने २०० फोटो देते. दोन तासांच्या भटकंतीला एक पुरते, रविवारच्या जुन्या बाजाराला दोन लागतात. ऑलिंपसची एलआय-९२बी मापाने तीच बॅटरी, चालते. कॅमेरा बंद ठेवून यूएसबी-सीने पॉवर बँकवर चार्ज होतो, म्हणजे चहाला बसलात की लावून द्या. कार्ड घरी राहिलं तर आतली २ जीबीची साठवण त्या दिवसापुरती लाज राखते.

पडदा पक्का आहे, वळत नाही, आणि एप्रिलच्या दुपारी त्यावर आपलाच चेहरा दिसतो. उजळपणा वाढवायची सोय आहे, ती बॅटरी खाते. उन्हात दोन मीटरच्या सवयीवर भरवसा ठेवून अंदाजाने काढणं जास्त सोपं. भर उन्हात एफ/२.८ वापरायचं असेल तर अडचण वेगळीच: त्या छिद्राला शटर १/२५०० च्या पुढे जात नाही, आणि आयएसओ १०० लाही ऊन सुमारे १/३२०० मागतं. त्यासाठी आत उजेड कमी करणारा दोन स्टॉपचा एनडी फिल्टर आहे, तो चालू करायचा, नाहीतर आकाश पांढरं. व्हिडिओ आहे म्हणायला आहे. पावसाला कुठलंही संरक्षण नाही. छत्रीखाली एका हाताने चालवता येतो एवढाच दिलासा. पावसाळ्यात कपाटात ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक टाकून काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा, जेल ओलं झालं की तव्यावर मंद आचेवर परत कोरडं करा.

दुसरे पर्याय? जीआर थ्री-एक्स हा २०२१ चा भाऊ, ४० मिमीच्या कोनाचा. माणसांच्या फार जवळ जायला अवघडणाऱ्यांना तो बरा, पण स्नॅपचा पट्टा चिंचोळा होतो: एफ/८ ला २.५ मीटर लावून १.६ ते ६ मीटरच. फूजीचा एक्स१००-सिक्स व्ह्यूफाइंडर, फ्लॅश, ४० मेगापिक्सेल सगळं देतो, आणि ५२१ ग्रॅम होऊन गळ्यात लोंबतो. तो देखणा आहे, म्हणून लोक आधी त्याच्याकडे बघतात. जीआर फोर २०२५ मध्ये आला: नवा सेन्सर, पाच अक्षांचं स्टॅबिलायझेशन, ५३ जीबी आतली साठवण, लेन्स तशीच सरकती. आणि फोटो फक्त व्हॉट्सॲपवर जाणार असतील तर दिवसाउजेडी चांगल्या फोनमध्ये आणि यात पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. तिथे पैसे घालू नका. फरक कळतो तो कागदावर बारा बाय अठरा इंचाची प्रिंट काढल्यावर, आणि संध्याकाळी सातनंतर.

जुना जीआर थ्री घेणार असाल तर विकणाऱ्याच्या घरीच पाच मिनिटं मागून घ्या. एफ/१६, आयएसओ १००, भरपाई अधिक १, फोकस अनंतावर लावून कोरी पांढरी भिंत हातभर अंतरावरून काढायची आणि पडद्यावर मोठी करून कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवायची. एकाच जागी राहणारा राखाडी ठिपका म्हणजे सेन्सरवरची धूळ. कॅमेरा हलवून दुसरा फोटो घ्या, भिंतीवरचा डाग सरकेल, सेन्सरवरचा नाही. मग लेन्स दहादा आत-बाहेर करून आवाज ऐका, करकर किंवा मधेच अडखळणं नको. मागचं गोल चक्र सावकाश फिरवा. त्याच्या तक्रारी जुन्या कॅमेऱ्यांत नेहमी येतात, एक खाच फिरवली की एकच पाऊल पुढे जायला हवं. शेवटी टॉर्च लेन्सवर तिरपा मारून आत जाळीसारखं काही दिसतंय का बघा. ठिपके दोन-तीन आणि कडेला असतील तर सफाईचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. मधोमध असतील, किंवा टॉर्चमध्ये जाळी दिसली, तर चहा पिऊन निघा.